चाळीस हजार वाचनं म्हणजे किती वाचक?



गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला. "मोबाईलवर लोक कथा-कादंबऱ्या लिहितात, त्यावर पीएचडी होते का? गाईड हो म्हणतील का?" होते. गाईड हो म्हणतील की नाही, ते मात्र तुम्ही विषय कसा मांडता यावर आहे. म्हणून आधी माझी एक फजिती सांगते, मग मुद्द्यावर येते.

सिनॉप्सिसच्या सादरीकरणाला मी माळशिरसहून पहाटेची एसटी धरून वेळापूर-पंढरपूर करत सोलापूर गाठलं. माझ्या हुकमी स्लाइडवर एका मराठी कथामालिकेचं पान होतं आणि त्याखाली वाचनांचा आकडा: ४०,०००. मी ऐटीत म्हटलं, "सर, मराठीत कथासंग्रहाची हजार प्रतींची आवृत्ती खपता खपत नाही. इथे चाळीस हजार वाचक आहेत."

समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "वाचनं चाळीस हजार. वाचक किती?"

मी म्हटलं, "तेवढेच की."

"कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या एसटीत पंढरपूर येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता. आजचं लेखन म्हणजे त्या "कशावरून"चं उशिरा सुचलेलं उत्तर.

आकडा नक्की काय मोजतो?

समजा एका कथामालिकेचे ८० भाग आहेत. ५०० लोकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. प्रत्येक भागाचं वाचन वेगळं मोजून बेरीज केली तर होतात ४०,००० वाचनं. आता दुसरी एक कथा घ्या, एकाच भागाची. ती ४०,००० लोकांनी उघडली आणि त्यातल्या निम्म्यांनी दोन परिच्छेदांनंतर सोडून दिली. उघडणं म्हणजेच वाचन धरलं, तर तिथेही ४०,०००. पहिल्या लेखिकेकडे पाचशे पक्के वाचक आहेत, दुसरीकडे बहुधा एक आकर्षक शीर्षक. पडद्यावर दोघी सारख्याच.

आपल्या तालुक्याच्या ठिकाणच्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी असते, ती आठवा. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा महाराष्ट्रानं अशाच वाचनालयांतून नेऊन वाचल्या. चिठ्ठीवरचे तीस शिक्के म्हणजे पुस्तक तीसदा घरी गेलं. ते वाचलं का, घरातल्या चौघांनी वाचलं का, हे चिठ्ठी सांगत नाही. पण चिठ्ठी पुढच्या वाचकाला ते पुस्तक डोळ्यासमोर आणूनही देत नाही, ती निमूटपणे मागच्या पानावर पडून असते. ॲपवरचा आकडा मात्र पहिल्याच पानावर असतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला यादीत वर जायची संधीही मोठी. वर गेलं की आणखी लोक उघडतात. म्हणजे आकडा लोकप्रियता मोजतो आणि तीच वाढवतोही. ज्या मोजपट्टीनं मोजताना वस्तूच लांब होते, ती पट्टी तुम्ही "डेटा" म्हणून प्रकरणात चिकटवणार असाल, तर आधी या पट्टीवरच एक प्रकरण लिहावं लागेल.

"इथे संपादक नाही" हे कितपत खरं?

या विषयावरचे बहुतेक लेख एकाच वाक्याने सुरू होतात: आता लेखकाला संपादकाची गरज उरली नाही, साहित्याचं लोकशाहीकरण झालं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य असेल तर ते तूर्तास खोडा. का, ते सांगते.

स्वतःचं लिखाण स्वतःच्या जागेत छापून वाचकांपर्यंत नेणं मराठीत नवीन नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केलं. संपादक तेच, लेखकही तेच. 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच क्रमशः आली. वाचक पुढच्या अंकाची वाट बघायचे आणि हरिभाऊंना अंक भरायचाच असायचा. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या हेही तुम्हाला माहीत आहे. तेव्हा "क्रमशः लिहिणं, अर्धवट सोडणं हा मोबाईलवाल्यांचा उथळपणा" असं कोणी सेमिनारमध्ये म्हणालं, तर नम्रपणे हरिभाऊंचं नाव घ्या.

पुढे मासिकांचा काळ आला. 'मनोरंजन'चा १९०९ चा दिवाळी अंक, त्यानंतर वाढलेली दिवाळी अंकांची परंपरा आणि 'सत्यकथा'. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांची लेखकांना लिहिलेली पत्रं, पुन्हा लिहायला लावणं, महिनोन् महिने एका कथेवर काम करणं हे सगळं आपण बी.ए.पासून ऐकत आलोय. त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू म्हणजे 'साभार परत'. आपली भाषा, आपलं जगणं तिथे बसत नाही असं ज्यांना वाटलं, त्यांनी साठच्या दशकात स्वतःचे अंक काढले. अशोक शहाणेंचं 'असो', भालचंद्र नेमाडेंचं 'वाचा', राजा ढाले यांचं 'येरू' ही त्यातली नावं. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' नसतं, तर दलित साहित्यातले कितीतरी लेखक छापलेच गेले नसते. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं.

मग इंटरनेट. 'मायबोली' १९९६ पासून आहे, 'मनोगत' आणि 'मिसळपाव' त्यानंतरचे. इथे कथा टाकली की खाली प्रतिसाद येतात आणि नवा प्रतिसाद आला की कथा यादीत पुन्हा वर येते. म्हणजे इथे निवड करते ती चर्चा. ज्या कथेवर वाद, ती वर. जी शांतपणे वाचून लोक गप्प बसले, ती खाली.

त्यानंतर ॲप. बंगळुरूच्या 'प्रतिलिपि'ची सुरुवात २०१४ ची, आज ती मराठीसह बारा भारतीय भाषांत आहे. २०१६ मध्ये मोबाईलचा डेटा एकदम स्वस्त झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली. लेखकाचा सगळा खर्च म्हणजे एक फोन. पाकीट नको, तिकीट नको, पुण्या-मुंबईत ओळख नको. हा फरक खरंच मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. रात्री भांडी आवरून झाल्यावर फोनवर अंगठ्याने टाइप करणाऱ्या बायका मी आमच्याच गल्लीत पाहिल्यात. 'साभार परत'च्या काळात त्यांनी लिहिलं असतं का? बहुतेक नाही.

पण संपादक गेला का? रॉबर्ट डार्न्टन या इतिहासकाराने १९८२ च्या एका निबंधात पुस्तकाच्या प्रवासाचं वर्तुळ मांडलं: लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूक करणारे, विक्रेता, वाचक आणि वाचकाकडून परत लेखक. कोर्सवर्कमध्ये हा निबंध आला नसेल तर शोधून वाचा. आता त्या वर्तुळावर एखादं ॲप ठेवून बघा. प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता ही चारही कामं एकाच कंपनीकडे आलेली दिसतील. कोणती कथा पहिल्या पानावर, कोणती स्पर्धेत, कोणत्या भागाला कुलूप आणि ते नाण्यांनी उघडायचं की थांबून, हे सगळं तिथेच ठरतं. हे निर्णय संपादकीयच आहेत. फरक एवढाच की श्री. पुं.चं पत्र आज ग्रंथात छापलेलं वाचता येतं, त्यांच्याशी भांडता येतं. यादी ठरवणाऱ्या गणिताशी लेखिका भांडू शकत नाही आणि संशोधकाला ते गणित बघायलाही मिळत नाही.

यात पैसाही आहे. टोरोंटोमध्ये २००६ साली सुरू झालेलं 'वॉटपॅड' २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या 'नेव्हर'ने सुमारे ६० कोटी डॉलरला घेतलं. त्याच वर्षी 'प्रतिलिपि'त मोठी गुंतवणूक करणारी 'क्राफ्टन'ही कोरियाचीच, पबजी खेळवाली. या कंपन्यांना कथा हव्या असतात त्या नुसत्या वाचायला नाही, तर पुढे ऑडिओ, कॉमिक्स आणि पडद्यासाठी कच्चा माल म्हणूनही. यात गैर काही नाही, पण अभ्यासकाला हे माहीत हवं. रोज एक भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी एक धक्का, शंभराव्या भागानंतरही न संपणारं लग्न ही रचना लेखिकेच्या आवडीतून किती आली आणि वाचक रोज परत यावा या गरजेतून किती आली, हा प्रश्न तुमच्या प्रबंधाचा कणा होऊ शकतो.

एक कथा जी आता नाही

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती.

आमच्या भागातल्या एका ताईंची कथा मी दोन-तीन वर्षांपूर्वी वाचली. नाव सांगत नाही, ॲपचंही सांगत नाही. ऊसतोडीच्या हंगामात मुलांना गावी आजीकडे ठेवून गेलेल्या बाईची कथा. निवेदन सगळं आमच्याकडच्या बोलीत. कवा, तवा, हितं, लई. नुसते संवाद नव्हेत, सांगणारीच त्या बोलीत विचार करत होती. माणदेश आमच्या शेजारचाच. व्यंकटेश माडगूळकरांमुळे इथल्या माणसांची ओळख मराठी वाचकाला जुनी आहे. पण इथली एक बाई, स्वतःच्या बोलीत, मधे कोणी न घेता थेट बोलतेय, हे मला नवीन होतं.

खाली पंधरा-वीस प्रतिक्रिया. काही "छान", "पुढचा भाग लवकर टाका". आणि तीन-चार अशा: "कथा चांगली आहे पण शुद्ध लिहा", "वाचायला जड जातं." एकीने चारपैकी दोन स्टार कापून वर "भाषा सुधारा" असा सल्ला दिलेला. वाचनंही फार नव्हती.

काही महिन्यांनी मी अवतरणं घ्यायला परत गेले. कथा होती, पण सगळी प्रमाण मराठीत. "कवा"चं "कधी" झालं होतं, वाक्यं गुळगुळीत, ती बाई कुठल्याही शहरातली वाटावी अशी. वाचनं वाढली होती. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, लोकांना कळंना. मग बदललं सगळं." जुनी प्रत? "त्यातच बदललं ना. वेगळी कुठं ठेवलीय?"

आणि माझ्याकडे? वहीत एक ओळ: "बोलीतलं निवेदन, महत्त्वाचं, नंतर सविस्तर बघणे." एवढंच. स्क्रीनशॉट नाही, प्रत नाही, तारीखसुद्धा नाही.

कोणी 'साभार परत' पाठवलं नाही. कोणत्याही संपादकाने एक अक्षर खोडलं नाही. तरीही एक बोली कथेतून निघून गेली. वरच्या "इथे संपादक नाही" या वाक्यावर माझा राग का आहे, ते आता लक्षात आलं असेल. ताईंना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना वाचक हवे होते आणि ते मिळाले. दोष असलाच तर माझा. संशोधक मी होते आणि मी चाळीस हजारांच्या मागे होते.

जे छापलं जात नाही ते कोण ठेवतं?

डार्न्टनच्या वर्तुळात सगळ्यांची कामं एका ॲपने उचलली, पण ग्रंथपालाचं काम कोणीच उचललं नाही. छापील पुस्तकासाठी १९५४ चा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलंच एक. सगळे पाठवतात असं नाही, पण नियम आहे आणि त्यामुळे पन्नास वर्षांनी कोणाला तरी ते पुस्तक सापडण्याची शक्यता आहे. 'करमणूक'मधल्या हरिभाऊंच्या कादंबऱ्या आज आपण वाचतो, कारण त्या पुस्तकरूपाने आल्या आणि ग्रंथालयांनी त्या ठेवल्या. ताईंच्या कथेच्या पहिल्या प्रतीसाठी असं कपाट कुठेच नाही.

वेगळं करता येतं, याचं एक उदाहरण आहे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचं संकेतस्थळ ना-नफा संस्था चालवते, वाचकांच्या देणग्यांवर, जाहिरातीशिवाय. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथे एक सोय आहे: लेखिकेला एखादी कथा आपल्या नावावर नको असेल, तर ती कथा न पुसता नुसतं नाव काढून घेता येतं. कथा राहते, लिहिणारी मोकळी होते. लग्नानंतर, नोकरीनंतर, घरच्यांना कळल्यानंतर आपलं लिखाण पुसून टाकणाऱ्या किती मुली आपल्या ओळखीत असतील, याचा विचार करा. म्हणजे ही सोय किती मोलाची आहे ते कळेल.

मग तुम्ही काय कराल?

विभागात तुम्हाला दोन प्रकारचे लोक भेटतील. एक म्हणतील, "असल्या टाकाऊ लिखाणावर काय पीएचडी करायची?" दुसरे म्हणतील, "क्रांती आहे ही!" दोघांनाही एक साधा प्रश्न विचारा: तुम्ही त्यातल्या किती कथा शेवटपर्यंत वाचल्यात? माझ्या अनुभवात दोन्ही बाजू इथेच गप्प होतात.

जॅनिस रॅडवे यांचं 'रीडिंग द रोमान्स' १९८४ मध्ये आलं. अमेरिकेतल्या एका गावातल्या, प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी त्यांनी बोलून पाहिलं. त्यांना दिसलं की त्या बायकांना कथेइतकंच वाचनही महत्त्वाचं होतं, कारण घरकामातून स्वतःसाठी काढलेला तोच एक वेळ होता. पण त्या सगळ्या वाचक एकाच पुस्तकविक्रेतीच्या सल्ल्याने पुस्तकं निवडायच्या, हेही पुस्तकात दिसतं. वाचकाची आवड आणि आवड घडवणारा माणूस दोन्ही एकत्र बघायला या पुस्तकातून शिका. आपल्याकडे फक्त विक्रेतीच्या जागी यादी आलीय.

कामाच्या चार गोष्टी सांगते, माझ्या चुकांतून आलेल्या.

पहिली, कथा आवडली त्याच दिवशी जतन करा. पूर्ण मजकूर, प्रतिक्रिया, आकडा आणि तारीख. खुल्या पानांची प्रत 'वेबॅक मशीन'वर ठेवता येते. ॲपच्या आत, लॉगिनमागे असलेलं पान तिथे जाणार नाही, ते स्वतःच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. महिन्या-दोन महिन्यांनी परत जा आणि काय बदललं ते नोंदवा. बदल हाच तुमचा सर्वांत मोलाचा पुरावा असू शकतो.

दुसरी, लेखिकेला विचारा. आपल्या कॉपीराइट कायद्यात अभ्यास आणि समीक्षेसाठी उतारे वापरायला सूट आहे, पण कायद्याने चालतं म्हणून माणुसकीनेही चालतं असं नाही. टोपणनाव कोणी उगीच घेत नाही. तुमच्या प्रबंधातल्या एका तळटिपेमुळे एखाद्या सुनेचं नाव घरी कळू शकतं. इंटरनेट संशोधकांच्या संघटनेची नीतिनियमांबद्दलची मार्गदर्शकं २००२ पासून उपलब्ध आहेत. सिनॉप्सिस लिहिण्याआधी ती वाचा.

तिसरी, निवड यादीतून करू नका. पहिल्या पानावरच्या वीस कथा घेतल्या, तर तुम्ही मराठी कथेचा नाही, त्या पहिल्या पानाचा अभ्यास केलात. एक तालुका घ्या, एक विषय घ्या, एका वर्षात पहिल्यांदाच लिहिणारे घ्या. कमी वाचनांच्या कथाही येतील अशी चाळणी लावा आणि ती चाळणी का लावली ते लिहून ठेवा. व्हायवात सगळ्यात आधी तेच विचारतात.

चौथी, वाचनांच्या आकड्याला शत्रूही समजू नका. तो पुरावा आहे, फक्त कशाचा पुरावा आहे ते तुम्ही सांगायला हवं. "४०,००० वाचक" ऐवजी "या तारखेला पडद्यावर ४०,००० वाचनं दिसत होती" असं लिहा. वाक्य रटाळ होईल, पण समितीसमोर उभं राहील.

ताईंना मी परवा पुन्हा भेटले. म्हटलं, ती पहिली कथा आठवेल तशी परत सांगाल का, मी लिहून घेते. त्या हसल्या. म्हणाल्या, "आता तसं व्हायाचं न्हाई गं. पण नवी सांगते की." फोनवर रेकॉर्डर लावला, तारीख बोलून घेतली आणि त्यांना म्हटलं, सांगा. हे प्रबंधात कुठे बसेल ते अजून ठरलेलं नाही. सध्या ते तीन ठिकाणी सेव्ह करून ठेवलंय.

तुम्हीही आज एक कथा उघडा, आपल्या भागातल्या कोणीतरी लिहिलेली, कमी वाचनांची. शेवटपर्यंत वाचा. आणि बंद करण्याआधी जतन करा.